पुकारा

आमच्या वस्तीत 'तारीख' म्हणजे एकच. एखाद्याला विचारलं, "का रं, आज रोजानं न्हाई गेलास?" आणि तो म्हणाला, "तारीख हाय," की पुढं कुणी काही विचारत नाही. लोहाऱ्याच्या स्टँडवर सकाळी तारखेचा माणूस लांबून ओळखू येतो. धुतलेला सदरा, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद आणि कागदाखाली भाकरी. दवाखान्याला निघालेला माणूसही असाच दिसतो, पण तो बोलतो, शेजारच्याला दुखणं सांगतो. तारखेचा माणूस गप असतो.

मित्रांनो, मी वकील नाही. नऊ वर्षं मी एका प्रतिवादीचा पोरगा होतो, नंतर पाच वर्षं स्वतः प्रतिवादी होतो, आणि आता वस्तीतल्या लोकांबरोबर तारखा करतो. म्हणून जे लिहितोय ते व्हरांड्यातलं आहे. आपली माणसं व्हरांड्यातच बसतात.

आपली पोरं गुन्हा नोंदवायला पटाईत झालीत. ठाण्यावर शंभर माणूस जमवतात, निवेदन देतात, फोटो पेपरात येतो. चांगलंच आहे. त्याशिवाय फिर्याद घेतली जात नाही हे मलाही ठाऊक आहे. पण गुन्हा नोंदवणं हे एका दिवसाचं काम आणि तारीख हे दहा वर्षांचं. त्या दहा वर्षांत माणूस एकटा पडतो. समोरच्या पार्टीला हे पक्कं माहीत असतं. ते मोर्चाला भीत नाहीत, ते वाट बघतात.

आमच्या घरचंच सांगतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारीचं नाव जगभर गेलं, पण आमच्या लोहारा भागातलं सास्तूरही तसंच जमिनीला मिळालं. लोहारा तेव्हा उमरगा तालुक्यात होतं, स्वतंत्र तालुका 1999 ला झाला. आमचं गाव सास्तूरच्याच पट्ट्यातलं. जुनं गावठाण सोडून सगळे पत्र्याच्या शेडात राहायला आले, सवर्ण आधी आणि आम्ही कडेला. भूकंपानं घरं पाडली, पण शेडाच्या रांगा लावताना जात कुणी विसरलं नाही.

आज्याच्या वेळची, महारकीच्या इनामातली आमची दोन एकर मुरमाड जमीन होती. शेजारच्या बड्या शेतकऱ्यानं 1995 ला दावा टाकला. आज्याच्या अंगठ्याची एक सौदाचिठ्ठी दाखवली, जमीन आपल्या कब्जात आहे म्हणाला आणि माझ्या बापानं तिथं पाय ठेवू नये असा कायमचा मनाई हुकूम मागितला. दाव्यात बापाचा पत्ता दिला जुन्या गावठाणातला. तिथं तेव्हा दगडांचे ढीग, बाभळी आणि कुत्री होती. बेलीफ गेला. प्रतिवादी मिळून आला नाही म्हणून त्यानं समन्स आमच्या पडक्या भिंतीवर डकवलं. हेच प्रतिवादीचं घर, असं दाखवणारा माणूस वादीचाच सालगडी. शेडातून ती भिंत दिसायची. पण मेलेल्या घराकडं कोण बघतंय?

दिवाणी कायद्यात डकवण्याची सोय आहे, पण माणूस जिथं नेहमी राहतो त्या घरावर. ऑर्डर पाच, नियम सतरा. आम्हाला कुठलं पाच आणि कुठलं सतरा! 1997 च्या मृगात तो ट्रॅक्टर घेऊन आला, खिशातून कागद काढला आणि म्हणाला, "कोर्टाचा हुकूम हाय." एकतर्फी हुकूमनामा. त्या दिवशी बापाला कळलं की आपण दोन वर्षं कुठंतरी गैरहजर होतो.

एकतर्फी म्हणजे काय ते नीट समजून घ्या. पुकारा झाला, वादी हजर, प्रतिवादी नाही आणि समन्स बजावल्याचा अहवाल कागदावर आहे, तर कोर्ट एकट्या वादीचं ऐकून निकाल देऊ शकतं. उलटं झालं, म्हणजे प्रतिवादी आला आणि वादी नाही, तर दावा निकालात निघतो आणि त्याच कारणावरून नवा दावा टाकता येत नाही. दोघंही आले नाहीत तरी दावा जातो, पण तेव्हा नवा टाकता येतो. हे सगळं ऑर्डर नऊमध्ये आहे. ऐकायला दोन्ही बाजूंना सारखं. तीस दिवसांत अर्ज करून, गैरहजेरीचं पुरेसं कारण दाखवून दोघांनाही परत येता येतं. समन्सच नीट बजावलं नसेल तर ते तीस दिवस हुकूमनामा कळला त्या दिवसापासून मोजतात. गावच्या एका मास्तरनं हे बापाला सांगितलं म्हणून आम्ही वाचलो. एकविसाव्या दिवशी अर्ज पडला. खर्चाचे पैसे भरायच्या अटीवर हुकूमनामा रद्द झाला. पैशापायी मायचं डोरलं गेलं.

आणि मग तारखा सुरू झाल्या.

वकिलानं पहिल्याच दिवशी बापाला सांगितलं, "येत जा रे प्रत्येक तारखेला. न्हाई आलास तर परत एकतर्फी हुईल." बापाच्या मनात ते असं बसलं की ताप असो, सुगी असो, कुणाचं मौत असो, तो निघायचा. तेव्हा रोज तीस-पस्तीस रुपये. तो बुडायचा, वर येष्टीचं तिकीट, वर वकिलाच्या कारकुनाचे चहापाणी. संध्याकाळी आला की माय विचारायची, "काय झालं?" बाप म्हणायचा, "फुडची पडली."

एकदा वादीच आला नाही. पुकारा झाला, बाप हजर, दावा काढून टाकला. त्या रात्री घरात गोड केलं. महिन्याच्या आत वादीनं डॉक्टरची चिठ्ठी जोडून अर्ज दिला, थोडा खर्च भरला, दावा परत उभा. बाप म्हणाला, "त्येला ताप आला तर कोर्टाला कळतंय. मपली सुगी न्हाई कळत." आजही मला यापेक्षा चांगलं भाष्य सुचत नाही. कायद्यातलं 'पुरेसं कारण' सगळ्यांना खुलं आहे, पण त्याला कागद लागतो. आजाराची चिठ्ठी मिळते. रोज बुडाला तर घरात चूल पेटणार नव्हती, याची चिठ्ठी कोण देणार?

मला वाटायचं बाप भीतीनं जातो. एकदा दहावीच्या सुट्टीत मला बरोबर नेलं तेव्हा वेगळंच दिसलं. गावात त्याला कुणी पुऱ्या नावानं हाक मारली नव्हती. अर्धं नाव, त्यालाही 'या' लावलेला. कोर्टाचा पट्टेवाला दारात आला आणि त्यानं बापाचं नाव, आज्याचं नाव, आडनाव असं तीनदा पुकारलं. बाप टोपी काढून असा ताठ उठला की मी बघतच राहिलो. "हाजीर हाय!" आत काय झालं? काहीच नाही. पुढची तारीख पडली. पण ती हाजीर हाय मी विसरलो नाही.

2006 ला बाप गेला. वारस म्हणून माय आणि मी दाव्यात लागलो. 2011 ला वादीला कब्जा शाबीत करता आला नाही म्हणून दावा फेटाळला, पुढं अपीलही गेलं. जमीन आमच्याकडं आहे, तूर होते. निकालानंतर मी सगळ्या रोजनाम्याची नक्कल काढली. रोजनामा म्हणजे कोर्टात प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद. तुम्ही कुठल्याही केसमध्ये पडलात तर आधी तो काढा. मायनं बापाची येष्टीची तिकिटं पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. मी एका बाजूला तिकिटं आणि एका बाजूला रोजनामा घेऊन बसलो. नऊ वर्षांत बाप 137 वेळा गेला होता. वादीच्या वकिलाचा मुदतीचा अर्ज. साहेब रजेवर. वेळेअभावी तहकूब. परत मुदतीचा अर्ज. आणि त्या 137 पैकी बापाची स्वतःची गरज होती सात दिवस. अर्जावर, कैफियतीवर सह्या-शपथा आणि साक्ष, उलटतपास.

दिवाणी दाव्यात वकीलपत्र दिलं की वकिलाची हजेरी हीच पक्षकाराची हजेरी. ऑर्डर तीन, नियम एक. कोर्टानं स्वतः येण्याचा खास हुकूम केला, किंवा तुमची साक्ष असली, तरच तुम्हाला जातीनं उभं राहावं लागतं. बाकी तारखांना वकील उभा राहिला पाहिजे. राहतो का, हे विचारलं पाहिजे. 130 रोज म्हणजे आमच्या घरातली चार महिन्यांपेक्षा जास्त मजुरी, कायद्यानं न मागितलेली. ती कुणी घेतली? त्या कारकुनाचे चहापाणी प्रत्येक तारखेला ठरलेले होते, एवढंच सांगतो. आणि 1987 चा विधी सेवा कायदा 1995 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला होता. त्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. मायचं डोरलं गेलं तेव्हा तो कायदा दोन वर्षांचा होत आला होता. आमच्या वस्तीपर्यंत चालत यायला त्याला आणखी वीस वर्षं लागली.

आपल्यातले काही म्हणतात, कोर्ट त्यांचं, कायदा त्यांचा, तिथं जायचंच कशाला. त्यांना मी महाडचं सांगतो. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण दरवर्षी साजरा करतो, दावा कुणाला आठवत नाही. 12 डिसेंबर 1927 ला महाडच्या सवर्णांनी तिथल्या कोर्टात दावा टाकला. पहिले प्रतिवादी डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मागणी काय? मनाई हुकूम. माझ्या बापावर टाकली तीच जात. 14 डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. 25 डिसेंबरला परिषदेत मनुस्मृती जाळली, पण तळ्यावर जायचं बाबासाहेबांनी थांबवलं. मैदानात तयार झालेली माणसं त्या दिवशी किती तडफडली असतील! तरी थांबवलं आणि दावा लढवला. तो दावा अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून त्यांच्यावर होता. म्हणजे तिथं कुणी हजर राहिलं नसतं तर एकतर्फी हुकूम तुमच्या-माझ्या आज्यापणज्यावर बसला असता. 23 फेब्रुवारी 1928 ला तो मनाई हुकूम उठला. 8 जून 1931 ला महाडचा निकाल आपल्या बाजूनं. 30 जानेवारी 1933 ला ठाण्याच्या कोर्टात अपील फेटाळलं. 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टानं शेवटचं सांगितलं, अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची अनादी काळापासूनची वहिवाट वादींना शाबीत करता आली नाही. सव्वानऊ वर्षं. मधल्या काळात गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, आणि हा दावा एका बाजूला चालूच होता. बाबासाहेब 1923 पासून बॅरिस्टर म्हणून वकिली करत होते, त्यांना तारीख म्हणजे काय ते कळत होतं.

आता कायद्याची एक गंमत. दिवाणी संहितेचं कलम 132 म्हणतं, देशाच्या रीतीरिवाजाप्रमाणं ज्या बायकांना चारचौघांत यायला लावू नये त्यांना कोर्टात जातीनं येण्यापासून सूट. 133 म्हणतं, राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री, न्यायमूर्ती आणि माजी संस्थानिक यांनाही सूट. 1908 ची संहिता, आजही चालू. माझी माय जन्मभर चारचौघांतच होती, बांधावर, विहिरीवर, रस्त्याच्या खडीवर. पडदा परवडणाऱ्यांना सूट आणि खडी फोडणारीला समन्स.

फौजदारीत गणित वेगळं. आरोपीला दर तारखेला यावं लागतं, किंवा वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज द्यावा लागतो. तो मिळतो, पूर्वी 205 आणि 317 खाली मिळायचा, 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 228 आणि 355 खाली. अर्ज न देता चुकलात तर वॉरंट. नामांतराच्या लढ्यात अंगावर गुन्हे घेतलेला आमच्याकडचा एक जुना कार्यकर्ता सांगायचा, "लाठीचं काय न्हाई, तिचा वळ आठ दिवसांत जातो. तारीख चुकली की जामीनदाराला नोटीस जाती, ती जलमभर जात न्हाई." त्याचा जामीनदार वस्तीतलाच एक शिक्षक होता. त्या दोघांचं बोलणं पुढं बंद झालं. चळवळीनं असे किती घरोबे गमावले, कुणी मोजलेत?

खाजगी फिर्याद असेल तर आणखी जपा. समन्सच्या खटल्यात फिर्यादी तारखेला आला नाही तर आरोपी सुटू शकतो. पोलीस केसमध्ये तसं नाही, तिथं खटला सरकार चालवतं आणि फिर्यादी हा साक्षीदार असतो. त्याला साक्षीच्या समन्सला जावंच लागतं. बाकी तारखांना तो गेला नाही तरी खटला मरत नाही, पण त्याला आत काय चाललंय ते कळत नाही.

इथंच अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्यानं एक मोठी गोष्ट दिलीय आणि ती आपण वापरत नाही. 26 जानेवारी 2016 पासून त्यात 15-अ हे कलम आहे. जामिनासकट प्रत्येक सुनावणीची वेळेवर आणि खरी खबर मिळण्याचा पीडिताला हक्क आहे. 2021 ला सुप्रीम कोर्टानं ही खबर देणं बंधनकारक असल्याचं सांगितलं. पीडिताला आणि साक्षीदाराला प्रवासखर्च आहे. 1995 च्या नियमांतला नियम अकरा वाचा. येण्याजाण्याचं भाडं, शेतमजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी नाही इतका दिवसाचा भत्ता, वर जेवणाचा खर्च. बाई असेल, साठ वर्षांच्या वरचा माणूस असेल, तर तिच्या किंवा त्याच्या पसंतीच्या एका सोबत्यालाही तेच. आणि हे पैसे लगेच, फार तर तीन दिवसांत. माझ्या बापाला जे कुणी दिलं नाही ते या कायद्यात लिहिलेलं आहे. रोज बुडतो, हे कायद्यानं इथं मान्य केलं.

आमच्या वस्तीतल्या एका आत्याची केस चालू आहे. बोअरच्या पाण्यावरून तिला आणि तिच्या सुनेला मारलं होतं. गुन्हा नोंदवायला दोनशे माणूस होतं, मीही होतो. आरोपींना जामीन झाला तेव्हा आत्याला त्याची खबर गावात वाजलेल्या फटाक्यांनी मिळाली. साक्षीचं समन्स आलं ते सोयाबीनच्या काढणीत. आदल्या संध्याकाळी एकजण येऊन सांगून गेला, "आत्या, उद्या साहेब रजेवर हायेत, जाऊ नका." पोरानं मोबाईलवर बघितलं, तारीख कायम होती. प्रत्येक केसला सोळा अक्षरी सीएनआर नंबर असतो, तो टाकला की पुढची तारीख दिसते. तो नंबर आत्यानं तेव्हापासून चोळीत ठेवलाय, तिला वाचता येत नाही तरी. दोनशेपैकी त्या दिवशी कोर्टात आम्ही तिघं होतो. आरोपींकडून चाळीस जण व्हरांड्यात उभे. आत्या त्यांच्यामधून चालत गेली.

भत्त्यासाठी आम्ही ज्या कचेरीत गेलो तिथल्या साहेबानं असा नियमच नाही म्हणून सांगितलं. आम्ही नियमाची प्रत टेबलावर ठेवली. "बजेट नाही." लेखी द्या म्हणालो. लेखी दिलं नाही, पण सात आठवड्यांनी पैसे दिले. तीन दिवसांचे सात आठवडे! आत्यानं नोटा दोनदा मोजल्या आणि विचारलं, "हे कशाचं रं?" म्हणालो, "तू कोर्टात गेलीस त्या दिवसाचा रोज." ती म्हणाली, "मग भाऊजीला का न्हाई दिला?" भाऊजी म्हणजे माझा बाप.

तेव्हापासून आम्ही चौघं एक वही चालवतो. साधी दोनशे पानी. वस्तीतल्या आणि आसपासच्या गावांतल्या केसेस, सीएनआर नंबर, पुढची तारीख, आणि त्या तारखेला काय आहे. हा शेवटचा रकाना महत्त्वाचा. माणसानं जायचं का फक्त वकिलानं, हे त्यावरून ठरतं. दिवाणीत मुदतीच्या अर्जाची तारीख असेल तर आम्ही सांगतो, कामाला जा, वकिलाला फोन आम्ही करतो. वकील चिडतात, चिडू द्या. 1 जुलै 2002 पासून दाव्याच्या सुनावणीत एका बाजूला तीनपेक्षा जास्त मुदती देऊ नयेत असा नियम आहे. तो कुणी पाळत नाही, पण चौथ्या अर्जाला आपल्या वकिलानं उठून हरकत घेतली की रोजनाम्यात ती उतरते. साक्षीची तारीख असेल तर उलटं. काहीही होवो, जायचं, आणि एकट्यानं जायचं नाही. साहित्याच्या अंकात वहीचं काय लिहितोस असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. आमच्याकडं सध्या एवढंच साहित्य लिहून होतं.

वहीत आज एकोणतीस केसेस आहेत. सात दिवाणी, बाकी फौजदारी. दोन ठिकाणी आपलेच लोक आपल्याच लोकांविरुद्ध आहेत. तिथं कुणाच्या बाजूनं जायचं यावरून आमच्या चौघांत भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. तारीख मात्र आम्ही दोन्ही बाजूंना सांगतो.

आत्याचा उलटतपास अर्धा राहिलाय. पुढची तारीख सोमवारची आहे, सकाळी अकराला पुकारा. सूनही साक्षीला आहे, तिचं लेकरू चार महिन्यांचं, म्हणजे व्हरांड्यात लेकरू धरायला एक बाई पाहिजे. सोबतीण म्हणून तिचं नाव अर्जात घालू, तिचा रोज मिळेल, उशिरा मिळेल. कुणाच्या घरून कोण येणार ते शनिवारपर्यंत सांगा. पहिल्या येष्टीनं निघायचंय.